वाहन-प्रश्नोत्तरे : गाडी उचलली, तरी टायर घासतो

प्रश्न : माझ्याकडे २०२१ सालची डिझेल फोर बाय फोर थार आहे. कंपनीने तिला २४५/७५ आर १६ या मापाचे टायर दिले होते. गेल्या दिवाळीत स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर बदलून मी गाडी दोन इंच उचलून घेतली. त्यानंतर चाके गाडीच्या मानाने लहान दिसू लागली, म्हणून २८५/७५ आर १६ हे टायर बसवले. रिम जुन्याच आहेत. ‘दोन इंच लिफ्ट आहे, टायर डोळे झाकून बसतील,’ असे दुकानदाराने सांगितले होते आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये ते बसलेले दिसतही होते. मात्र पौड रस्त्यावर यू टर्न घेताना पुढून खरखर ऐकू येते, आणि ताम्हिणीत डावे चाक खड्ड्यात गेले तेव्हा मडगार्डच्या आतले प्लॅस्टिकचे अस्तर फाटले. आता तोच दुकानदार आणखी एक इंच लिफ्ट सुचवतो आहे. ती घ्यावी का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : घेऊ नये. तुमची अडचण गाडीच्या उंचीची नसून चाकाच्या हालचालीची आहे. या दोन गोष्टींची गल्लत अनुभवी माणसांकडूनही होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी मापे पाहू. २४५/७५ आर १६ म्हणजे टायरची रुंदी २४५ मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के आणि रिमचा व्यास १६ इंच. त्यावरून टायरचा एकूण व्यास सुमारे ७७४ मिलिमीटर येतो. याच हिशेबाने २८५/७५ आर १६ चा व्यास ८३४ मिलिमीटर होतो. व्यासात ६० मिलिमीटरचा फरक पडला, म्हणजे त्रिज्या ३० मिलिमीटरने वाढली. टायर वरच्या बाजूला जेवढा वाढला तेवढाच तो पुढे बंपरकडे आणि मागे दाराखालच्या कोपऱ्याकडेही सरकला. शिवाय रुंदी ४० मिलिमीटरने वाढली असून रिम तीच असल्याने त्यातले २० मिलिमीटर बाहेर आणि २० मिलिमीटर आत, सस्पेन्शनच्या भुजेकडे गेले आहेत. दोन इंचांच्या लिफ्टने तुम्हाला सुमारे ५० मिलिमीटर जागा मिळाली खरी. पण ती फक्त वरच्या बाजूला, आणि तीही गाडी सपाट जमिनीवर उभी असेपर्यंतच.

‘उभी असेपर्यंत’ यातच सगळी मेख आहे. चाक खड्ड्यातून वर उसळी घेते किंवा दगडावर चढते तेव्हा स्प्रिंग दबते आणि चाक मडगार्डच्या पोटात शिरते. ते किती आत जाईल, हे स्प्रिंगची उंची ठरवत नाही. शेवटी आडवा येणारा रबरी ठोकळा, म्हणजे बंप स्टॉप, ते ठरवतो. लिफ्टच्या स्प्रिंगने गाडीची उभी राहण्याची जागा वर गेली, पण बंप स्टॉप जिथल्या तिथेच राहिला. त्यामुळे पूर्ण दबलेल्या अवस्थेत तुमचे चाक आजही कंपनीच्या गाडीइतकेच आत जाते, फक्त आता ते ३० मिलिमीटरने मोठे आहे. आणखी एक इंच उचलल्याने यात काडीचाही फरक पडणार नाही. फार तर तिथवर पोहोचायला थोडा मोठा खड्डा लागेल, आणि आपल्याकडे खड्ड्यांची वानवा नाही.

वळताना ऐकू येणारी खरखर हा निराळा प्रकार आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायरचे पुढचे आणि मागचे टोक मोठ्या कमानीत फिरते, आणि रुंद टायरची बाहेरची कड आधी बंपरच्या कोपऱ्याला किंवा मडगार्डच्या मागच्या कडेला लागते. आतली कड कुठे लागते, हे वाकून पाहिल्याशिवाय कळत नाही. तिकडे सस्पेन्शनची भुजा असते, ब्रेकचा नळ असतो. प्लॅस्टिकचे अस्तर फाटले तर ते बदलता येते. परंतु ब्रेकच्या रबरी नळावर टायर घासत असेल, तर कुठल्याही कारणाने ती गाडी घाटात नेऊ नये. मी स्वतः तरुणपणी ही चूक केली आहे. वरंध घाटाच्या उतारावर एका वळणात टायरची आतली कड एका लोखंडी पट्टीला लागत राहिली. भोरला पोहोचेपर्यंत मला वाटत होते, की आवाज मडफ्लॅपचा आहे. टायर उतरवला तेव्हा बाजूच्या भिंतीवर सुरीने ओढावी तशी वर्तुळाकार रेघ होती आणि तिच्या तळाशी आतले दोरे दिसत होते. बाजूच्या भिंतीला झालेली अशी जखम दुरुस्त होत नाही. तो टायर भंगारात गेला.

तेव्हा पुढचा खर्च करण्यापूर्वी टायर नेमका कुठे घासतो ते शोधा. त्यासाठी यंत्रे लागत नाहीत. खडू आणि कणीक पुरते. चारही टायरांच्या दोन्ही खांद्यांवर, म्हणजे नक्षी संपून बाजू सुरू होते त्या कडेवर, पांढऱ्या खडूचा जाड पट्टा ओढा. गाडी टणक सपाट जागेवर आणा आणि पुढचे उजवे व मागचे डावे चाक आठ-नऊ इंच उंचीच्या भक्कम लाकडी ठोकळ्यांवर हळूच चढवा, म्हणजे तिरक्या रेषेतली दोन चाके दबतील आणि उरलेली दोन खाली लोंबतील. मडगार्डच्या आतल्या ज्या जागांचा संशय असेल तिथे लिंबाएवढे कणकेचे गोळे चिकटवा. हँडब्रेक ओढलेला असावा, गाडीखाली कुणी नसावे. एकाने आत बसून इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे. मग इंजिन बंद करून पाहा. जिथे खडू उमटला तिथे टायर लागतो. जिथे कणीक चपटी झाली तिथे उरलेल्या थराची जाडी म्हणजे मोकळी जागा. ती निदान बोटभर तरी हवी, कारण पावसाळ्यात नक्षीत चिखल आणि खडी अडकली की टायर तेवढा फुगतोच. नंतर हीच परीक्षा दुसऱ्या कर्णावर करा.

एवढ्यानेही स्प्रिंग पूर्ण दबत नाही. ते पाहायचे असेल तर जाणत्या वर्कशॉपमध्ये गाडी स्टँडवर घेऊन, एका चाकाची स्प्रिंग उतरवून ते चाक जॅकने बंप स्टॉपला टेकेपर्यंत वर उचलायला सांगा आणि त्या स्थितीत स्टिअरिंग फिरवून बघा. मजुरीचा अर्धा दिवस जाईल. टायरचा संच विकत घेण्याआधी ही परीक्षा दुकानदाराने स्वतःहून करायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता उपाय. घासणे फक्त वरच्या बाजूला आणि पूर्ण दबल्यावरच होत असेल, तर बंप स्टॉप तेवढ्या मापाने उंच करणे हा योग्य मार्ग आहे. त्यात चाकाची वर जाण्याची मुभा कमी होते आणि गाडी थोडी आधी आपटते, हे मान्य करून तो निवडावा. घासणे वळताना आणि आतल्या बाजूला असेल, तर कमी ऑफसेटची रिम चाक बाहेर ढकलते. ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून तिच्या हबला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाला, टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर. मात्र चाक जितके बाहेर, तितकी त्याची फिरण्याची कमान मोठी, म्हणजे आतले घासणे थांबून बंपरचे सुरू होण्याची शक्यता. बेअरिंगवरचा ताणही वाढतो. नाना पेठेत ‘स्पेसर टाका, संपले काम’ असे सांगणारे भेटतील. हबवर घट्ट न बसणाऱ्या आणि कुठल्या धातूच्या आहेत हे माहीत नसलेल्या चकत्यांवर गाडीचे सगळे वजन सोपवणे मला तरी पटत नाही. आणि हो, तुमच्या जुन्या रिमची रुंदी मोजा. २८५/७५ आर १६ या टायरला साधारण साडेसात ते नऊ इंच रुंदीची रिम लागते. त्याहून अरुंद रिमवर टायर मध्ये फुगतो, मधूनच झिजतो आणि वळणावर डुलतो.

तुमच्या जागी मी असतो तर २६५/७५ आर १६ वर समाधान मानले असते. त्याचा व्यास ८०४ मिलिमीटर आहे, म्हणजे त्रिज्या केवळ १५ मिलिमीटरने वाढते आणि प्रत्येक बाजूला रुंदी १० मिलिमीटरने. खडू-कणकेची परीक्षा त्यालाही द्यावी लागेल, पण उत्तीर्ण होण्याची शक्यता बरीच अधिक आहे.

यावर तुम्ही म्हणाल, की मग लिफ्टचा उपयोग काय. उपयोग आहे, परंतु लोक समजतात तिथे नाही. तुमच्या गाडीचा मागचा ॲक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा आस, अखंड आहे. त्याच्या मधोमध डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरसंचाचा, जो फुगीर भाग दगडाला लागतो, तो लिफ्टने एका मिलिमीटरनेही वर जात नाही, कारण स्प्रिंग त्याच्या वर आहे. तो फक्त टायरच्या त्रिज्येने वर जातो. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असल्याने डिफरन्शियल चासीबरोबर उचलला जातो, पण त्याची किंमत ॲक्सलचे सांधे मोजतात. चाके खाली राहिली आणि डिफरन्शियल वर गेला, की सांध्यांचा कोन वाढतो, त्यांची रबरी बुटे लवकर फाटतात, आणि चाक खाली लोंबण्याची उरलेली मुभाही कमी होते. तिसऱ्या इंचाला माझा विरोध आहे, तो मुख्यतः यासाठी. दोन इंचांनंतरही अलाइनमेंट करून घेतले नसेल तर आधी ते करा. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नसेल, तर कॅस्टर कोन, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा बाजूने दिसणारा कल, बिघडला आहे असे समजा.

मोठ्या टायरचे बाकीचे परिणाम तुमच्या लक्षात आले असतीलच. तुमच्या सध्याच्या टायरांमुळे प्रत्येक फेऱ्यात गाडी पूर्वीपेक्षा सुमारे पावणेआठ टक्के अधिक अंतर कापते. स्पीडोमीटरला हे कळत नाही. पूर्वी जिथे काटा ८० दाखवत होता, तिथे तोच ८० दाखवताना गाडी सहा किलोमीटरने अधिक वेगात असते. कंपनीचे स्पीडोमीटर बहुधा थोडा जास्तच वेग दाखवतात, त्यामुळे यातला काही फरक झाकला जातो. तरीही मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर ताशी १०० च्या मर्यादेला काटा अगदी चिकटवून चालवायची सवय असेल, तर कॅमेऱ्यापुढे ती सवय महाग पडेल. ओडोमीटरही मागे राहतो. गाडी १०,००० किलोमीटर धावली तर तो साधारण ९,२८० दाखवील, म्हणून ऑइल थोडे आधी बदला.

चाकापाशी मिळणारी ओढ त्याच प्रमाणात, सुमारे सात टक्क्यांनी घटते. खंबाटकीच्या चढावर पूर्वी चौथ्या गिअरमध्ये जाणारी गाडी आता तिसरा मागू लागली असेल, तर इंजिनात दोष शोधत बसू नका. उतारावर इंजिनाचा रोधही तेवढाच कमी झाला आहे, आणि ब्रेकला अधिक जड, अधिक मोठे चाक थांबवावे लागते. वजनाचा हा भाग कागदावर दिसत नाही. जुना आणि नवा टायर रिमसकट एकदा शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवून पाहा. चाकामागे किती किलो वाढले ते तिथे रोखठोक कळेल. हे वजन स्प्रिंगच्या खाली असते, त्यामुळे प्रत्येक खड्ड्यात शॉकॲब्सॉर्बरला ते सावरावे लागते. टायरच्या बाजूवर मापानंतर येणारा आकडा आणि अक्षर हेही वाचा. १११ म्हणजे एका टायरला १०९० किलोपर्यंत भार, क्यू म्हणजे ताशी १६० किलोमीटर, एस म्हणजे १८०. कंपनीच्या टायरवर भाराचा जो आकडा आहे, त्याहून कमी आकड्याचा टायर कधीही घेऊ नये.

शेवटी कायदा, कारण पत्रात तुम्ही त्याविषयी विचारले नसले तरी तो तुम्हाला विचारणार आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचनेत फेरफार चालणार नाही असे स्पष्ट केले. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ (४) मध्ये नियमबाह्य फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ज्या शहरात वेताळ टेकडीच्या कुशीत एआरएआयसारखी वाहनचाचणी संस्था उभी आहे, तिथे आपण गाड्यांच्या चाचण्या पार्किंगमध्ये करतो, ही गंमतच आहे. विमा कंपनीला केलेला बदल लेखी कळवा. निर्धास्त राहायचे असेल, तर याच गाडीच्या वरच्या श्रेणीला कंपनीच २५५/६५ आर १८ टायर देते. त्याचा व्यास ७८९ मिलिमीटर आहे. देखणेपणात तो तुमच्या आत्ताच्या टायरांपुढे उणा पडेल, हे कबूल.

प्रश्न : वडिलांची जुनी एमएम ५४० जीप आम्ही पुन्हा चालू केली आहे. पुढे-मागे कमानपाटे आहेत, पॉवर स्टिअरिंग नाही. ३१×१०.५० आर १५ टायर बसावेत म्हणून पाट्यांच्या टोकाचे शॅकल, म्हणजे पाटा चासीला जोडणाऱ्या झुलत्या पट्ट्या, लांब करून गाडी उचलावी, असे एका मेकॅनिकने सुचवले आहे. हा स्वस्त उपाय योग्य आहे का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : स्वस्त आहे, एवढेच त्याच्या बाजूने म्हणता येईल. शॅकल पाट्याच्या एकाच टोकाला असते. ते लांब केले की पाटा एका बाजूने तिरका होतो आणि त्याच्यावर बांधलेला ॲक्सल आपल्या जागी थोडा फिरतो. पुढच्या ॲक्सलच्या बाबतीत याचा अर्थ कॅस्टर कोन बदलला, म्हणजे गाडी सरळ रस्त्यावर भरकटू लागली किंवा स्टिअरिंग आणखी जड झाले. शिवाय शॅकल जितके लांब, तितके ते बाजूला डुलते. दोन इंच लांब केलेल्या शॅकलने गाडी साधारण एकच इंच उचलली जाते, हेही मेकॅनिकने सांगितले नसेल.

पाटे जुने असतील तर ते आधीच बसलेले असणार. ते उतरवून चांगल्या पाटेवाल्याकडून पुन्हा कमान काढून घ्या, तुटके पान बदला, बुश आणि सेंटर बोल्ट नवे टाका. एवढ्यानेच जीप मूळ उंचीवर येईल, आणि अनेकदा ती उंचीच मालकाला ‘लिफ्ट’ वाटते. त्यानंतरही उचलायची असेल तर अधिक कमानीचे नवे पाटे घ्या आणि कोन सुधारण्यासाठी पाटा व ॲक्सल यांच्यामध्ये पोलादी पाचर बसवून घ्या. स्टिअरिंगच्या आडव्या दांड्याचा उतार आणि प्रॉपेलर शाफ्टची लांबी त्याच वेळी तपासली पाहिजे, कारण उंच केलेल्या जीपमध्ये एक चाक दबले की स्टिअरिंग हातात आपोआप वळते, आणि ही सवय खडकाळ वाटेवर मनगट मुरगाळते.

३१ इंचांचा, साडेदहा इंच रुंदीचा टायर पॉवर स्टिअरिंगविना वळवणे म्हणजे लक्ष्मी रस्त्यावर पार्किंग शोधताना रोजचा व्यायाम. ड्रम ब्रेक असतील तर ते या वजनाला मुळीच खूश होणार नाहीत. जुन्या जीपला अरुंद आणि उंच टायरच शोभतात. शेतातल्या मऊ चिखलात ते खोल जाऊन खालची टणक जमीन धरतात. वडिलांनी ज्या मापावर ती चालवली त्याच्या जवळचेच माप निवडा.

प्रश्न : चारही टायर मोठे केले, स्टेपनी मात्र जुन्याच मापाची आहे. ती मागच्या दारावर टांगलेली आहे. बदलणे आवश्यक आहे का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : फोर बाय फोर असेल तर होय. पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना थेट जोडले जातात. एका चाकाचा व्यास लहान असला की ते अधिक फेरे मागते, आणि सुक्या डांबरावर तो फरक कुठेच मुरत नाही. तो गिअरबॉक्स आणि शाफ्टमध्ये पीळ म्हणून साठतो. फोर एच, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा गिअर, सुटता सुटत नाही, ही त्याची पहिली खूण. चिखलात पंक्चर झाल्यावर नाइलाजाने लहान स्टेपनी लावलीच, तर डांबरावर येताच टू एचमध्ये, म्हणजे दोनच चाकांना ताकद देणाऱ्या गिअरमध्ये, या आणि हळू चालवा. पाचवा मोठा टायर दारावर टांगण्यापूर्वी दाराच्या बिजागऱ्या आणि कुलपाचा खटका पाहून घ्या. दार उघडून कडेला धरून वर उचलून बघावे. बिजागरीत हालचाल जाणवली, तर आधी तिला आधार देणारी पट्टी किंवा वेगळा कॅरिअर बसवा, मग स्टेपनी. तिच्यातली हवाही महिन्यातून एकदा तपासा.